रोसांदा भुवईवाली

नेगोतिनच्या बसस्टँडमागे, किल्ल्या करून देणाऱ्याच्या शेजारी, एक अरुंद खोली आहे. तिथे रोसांदा बायकांच्या भुवया कोरते. कोरते म्हणजे अक्षरशः कोरते. बारीक पात्याने कातडीवर एकेक केस ओढायचा, त्यात रंग मुरवायचा, की पुढची दोनेक वर्षं बाई दान्यूबमध्ये पोहून आली तरी भुवई जागची हलत नाही. आमच्याकडच्या बायकांना हे प्रकरण फार मानवलं. ऑगस्टमध्ये व्हिएन्नाला कामाला गेलेली माणसं सुट्टीवर येतात, आणि मग लग्नं, बारशी, श्राद्धं सगळं त्या एका महिन्यात उरकून घ्यायचं असतं. एवढ्या सगळ्याला तोंड घेऊन उभं राहायचं तर तोंड धड हवं. त्यामुळे जुलै लागला की रोसांदाला मान वर करायला फुरसत नसते.

हा धंदा तिने उशिरा धरला. त्याआधी ती माणसं दगडावर काढायची. आमच्या भागात शहाणा माणूस आपली कबर जिवंतपणीच बांधून ठेवतो. काळा गुळगुळीत दगड, त्यावर नवराबायकोचे चेहरे शेजारी शेजारी, खाली जन्माचं साल, मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढची जागा कोरी. व्हिएन्नात आयुष्यभर लाद्या बसवून गावात घर बांधलं, की माणसाच्या डोक्यात पुढचं बांधकाम हेच येतं. वितोमिर पाथरवटाच्या कारखान्यात रोसांदा लग्नाआधीपासून होती. हिऱ्याच्या टोकाची टोचणी घेऊन ती दगडावर टिंबं मारत बसायची, आणि संध्याकाळपर्यंत त्या काळ्या दगडातून कुणाची तरी सासू वर यायची. पुढे वितोमिरने यंत्र आणलं. यंत्र फोटो गिळतं आणि जेवणवेळेआधी दगडावर माणूस उमटवून मोकळं होतं. वितोमिरने तिला जा म्हटलं नाही, पण तिला करायला काही उरलंही नाही. मग ती बेलग्रेडला जाऊन भुवया शिकून आली.

गंमत अशी, की ज्या बायकांना तिने दगडावर काढलं होतं त्याच आता तिच्या खुर्चीत येऊन पडू लागल्या. कातडी दगडापेक्षा बरी, असं ती त्यांना सांगायची. कातडी चूक पोटात घालते, दगडावर एक टिंब वाकडं पडलं की माणूस कायमचा चकणा. बायका हसायच्या आणि ती त्यांना दटावायची, की हसू नका, भुवई कपाळावर जाईल. तेव्हा ती पुष्कळ बोलायची. नवरा गेला आणि ते बोलणंही गेलं.

नवरा, चेदोमिर, व्हिएन्नात इमारतींना गिलावा करायचा. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण त्यातला एकत्र संसार काढायचा तर ऑगस्टचे वीस महिने आणि वीस नाताळ. मूल झालं नाही. त्यावरून पहिली काही वर्षं गावाने बोलून घेतलं, मग बोलणारेच दमले. माणूस वाईट नव्हता. आला की गच्चीची गळती काढायचा, सासूसुनेला नदीवर मासे खायला न्यायचा, आणि जायची तारीख जवळ आली की गप्प गप्प व्हायचा. गेल्या सप्टेंबरात तो तिकडच्या खोलीत झोपला तो उठला नाही. त्याला गाडीतून आणलं. रोसांदाने गाडीवाल्याला घेवड्याचं कालवण वाढलं, पाव कापला, त्याला अजून थोडं घ्या म्हणून आग्रहही केला.

अंत्यविधीला ती रडली नाही. आता आमच्याकडे रडणं म्हणजे नुसतं डोळ्यांना पदर लावणं नव्हे. मेलेल्याला नावाने हाक मारायची, सुरात, मोठ्याने, त्याच्याशी भांडायचं, त्याला जाब विचारायचा, की ऊठ, कुठे निघालास, दाराला कडी कोण लावणार. सासू पेर्सिदा तशी दोन दिवस रडली, इतकी की तिचा आवाज बसला. मग बायका रोसांदाकडे बघू लागल्या. तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तिला काही वाटतच नव्हतं. दुःख नव्हतं, सुटका नव्हती, उद्याची काळजीही नव्हती. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर ओठ जसा आपला लागत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

आणि वर त्या भुवया. तो जायच्या थोडंच आधी झायेचार गावातल्या एका मैत्रिणीने तिच्या स्वतःच्या भुवया करून दिल्या होत्या, कारण भुवईवालीच्याच भुवया पुसट असून चालत नाही. सुतकाच्या बाईने वर्षभर काळं नेसायचं, कानातलं उतरवायचं, तोंडाला काही लावायचं नाही, ही रीत. लावलेलं धुता येतं. हिचं धुता येण्यासारखं नव्हतं. बायकांनी तो कोरडा चेहरा पाहिला, त्यावरच्या रेखीव भुवया पाहिल्या आणि तिथल्या तिथे निकाल लावला. नवरा पेटीत आणि ही जशी वरातीला निघाली आहे, असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतपत हळू म्हणालं. पेर्सिदाने पुढे होऊन तिच्या डोक्यावरचा काळा रुमाल खाली डोळ्यांपर्यंत ओढला. तो वर्षभर तिथेच राहिला.

हात मात्र चालू राहिले. चाळिसावा दिवस झाल्यावर तिने खोली उघडली. बाई यायची, पडायची, रोसांदा दोरा धरून कपाळाची मापं घ्यायची, पेन्सिलीने आखायची, बधिर करायचं मलम लावायची, पात्याने केस ओढायची. बायकांना उलट बरं वाटायचं, की हिची बडबड गेली आणि हात पहिल्यापेक्षा स्थिर झाला. कुणी खुर्चीत पडल्या पडल्या आपलं रडगाणं गायचं, नवऱ्याची व्हिएन्नातली भानगड सांगायचं, आणि रोसांदा हं हं करत पुढचा केस ओढायची. घरी येऊन ती सासूबरोबर जेवायची, आणि काय जेवली ते तिला ताट धुताना आठवायचं नाही.

वर्षश्राद्धाला दगड उभा राहायला हवा. अर्धा दगड चेदोमिरचा, अर्धा तिचा. यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. वितोमिरने वसंतातच तिच्याकडे फोटो मागितला. ती देते म्हणाली आणि दिला नाही. त्याने पुन्हा विचारलं, ती पुन्हा देते म्हणाली. पेर्सिदा पीठ मळता मळता आठवण करायची, कबरीवर चेदोमिरच्या वाटची कॉफी ओतता ओतता आठवण करायची.

रोसांदा वर्षभर सगळ्याला हो म्हणत आली होती. काळे कपडे घाल, हो. शनिवारी पहाटे कबरीवर चल, हो. मला एकटीला झोप येत नाही, माझ्या खोलीत झोप, हो. फक्त फोटोपाशी तिचा हात अडायचा. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुसरं लग्न तिच्या डोक्यात नव्हतं आणि गाव सोडायचंही तिने ठरवलं नव्हतं. इतकंच, की शेकडो जिवंत माणसं तिने स्वतःच्या हाताने त्या दगडांवर बसवली होती, आणि पुढे त्यातल्या एकट्या मागे राहिलेल्या बायका कशा जगतात ते ती बघत आली होती. जागा राखून ठेवलेल्या प्रवाशासारख्या त्या बसून असायच्या. तो अर्धा दगड कोरा राहावा एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. बाकी काहीच हवं नव्हतं, म्हणून ती एक गोष्ट फार मोठी झाली होती.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पेर्सिदा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मला पण करून दे."

रोसांदाला वाटलं चहा. पण सासूने हातातल्या शेंगेनेच आपल्या कपाळाकडे खूण केली.

पेर्सिदाचा नवरा रादोयको लाकडाच्या गाडीखाली गेला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. त्याच्या कबरीवर चिनी मातीची लंबगोल चकती आहे आणि तिच्यात दोघांचे फोटो. त्यातल्या पेर्सिदाला अशा काही भुवया आहेत की दुरून त्याच दिसतात. आता त्यांतला एक केस शिल्लक नव्हता. तिला भीती अशी, की वर गेल्यावर रादोयको आपल्याला ओळखणार नाही. आमच्याकडे ही भीती हसण्यावारी नेत नाहीत.

रोसांदा म्हणाली, "आई, तेव्हा तुम्हाला दातही होते आणि केसही काळे होते."

"दात कवळीचे आहेत, केस रुमालात जातात. उघडं राहतं ते एवढंच," पेर्सिदा म्हणाली. "तू गावच्या सगळ्या टवळ्यांना करतेस. सासूला करायला हात दुखतो का?"

सुतकाचं काय, असं रोसांदाने विचारून पाहिलं. त्यावर पेर्सिदाने बराच विचार केलेला दिसला. ती म्हणाली की शोभेला करायचं ते सुतकात चालत नाही, हे ओळखीला करायचं आहे. शिवाय श्राद्धाला सगळं गाव येणार, त्यात मी अंड्यासारखं तोंड घेऊन उभी राहू का. रोसांदाने बोटांवर दिवस मोजले. पहिले काही दिवस भुवया डांबरासारख्या काळ्या दिसतात, मग खपली धरते, मग पडते, आणि महिन्याने खरा रंग येतो. आता केल्या तर सप्टेंबरपर्यंत बसतील. ती हो म्हणाली.

रविवारी, खोली बंद असताना, तिने सासूला मागच्या दाराने आत घेतलं. कबरीवरच्या चकतीचा फोटो तिने फोनमध्ये काढून आणला होता. तो समोर टेकवून तिने दोरा ताणला, नाकापासून कपाळापर्यंत मापं घेतली. एवढ्या वर्षांत चेहरा खाली उतरला होता. फोटोतल्या जागी भुवया काढल्या असत्या तर म्हातारी जन्मभर दचकल्यासारखी दिसली असती. तिने जागा हाडावरून ठरवली. कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ झाली होती, तिच्यावर पातं चालवणं शक्य नव्हतं, रंग फुटला असता. तेव्हा यंत्राच्या सुईने टिंबं टिंबं भरायची. दगडावर भरायची तशीच. तिने मलम लावलं, वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवला, आणि मलम चढेपर्यंत स्टूल ओढून बसली.

पेर्सिदा डोळे मिटून पडली होती. कपाळावर तो चकचकीत कागद, हात पोटावर. समोरचं माणूस बघत नसलं की बोलणं सोपं जातं.

"आई, दगडावर मला घालू नका," रोसांदा म्हणाली.

बाहेर बस सुरू झाली आणि बराच वेळ तशीच घरघरत उभी राहिली. ती गेल्यावर पेर्सिदा बोलू लागली, पण उत्तर देते आहे असं वाटेना. रादोयको गेला तेव्हा चकतीसाठी फोटो सासूने दिला होता, असं ती म्हणाली. लग्नातला होता, सासूने कात्रीने कापला. "मला कुणी विचारलं नव्हतं. मी कबरीवर गेले तर मी तिथे होते." मग पुढे कधीतरी नदीपलीकडचा एक गिरणीवाला, बायको वारलेला, जत्रेत तिच्याशी बोलला. पुन्हा बोलला. चेदोमिर लहान होता, त्याला त्याने लाकडाची शिट्टी करून दिली. लग्नाची गोष्ट दोन्ही घरांपर्यंत आली. तेव्हा गिरणीवाल्याची आई एके दिवशी या गावात आली ती पेर्सिदाच्या घरी न येता सरळ कबरस्तानात गेली, चकती बघितली, आणि परत जाऊन मुलाला म्हणाली की त्या बाईची जागा झालेली आहे.

"मी तिच्यावर रागावले नाही," पेर्सिदा म्हणाली. "खरंच होतं ते. मी दर शनिवारी जाऊन स्वतःच्याच तोंडापुढे मेणबत्ती लावत होते. अशा बाईला कोण नेतं?"

वर्षभरात रोसांदाला पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं आत उतरल्यासारखं वाटलं. दुखलं असं नाही, पण लागलं. ती म्हणाली, "मग तुम्हाला माहीत आहे."

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?" पेर्सिदा म्हणाली. मग तिने विचारलं, की तू गेलीस तर चेदोमिरला मेणबत्ती कोण लावणार, मला कोण लावणार. रोसांदा म्हणाली की मी कुठे जात नाहीये. पेर्सिदाने मान हलवली आणि म्हणाली, "कर आता. मलम चढलं."

रोसांदाला वाटलं, झालं. एवढं सगळं ज्या बाईवर गेलं ती ते दुसरीवर कशाला आणेल? ही तिची चूक. त्या गोष्टीतून तिने जो अर्थ काढला तो पेर्सिदाच्या मनात नव्हताच. पेर्सिदाच्या लेखी ती गोष्ट अशी होती, की मला जागा मिळाली आणि मी राहिले, म्हणून नवऱ्याला मेणबत्ती मिळाली आणि पोरगा मोठा झाला. आमच्याकडच्या बायका आपलं भोगलेलं सांगतात ते दुसरीला वाचवायला सांगत असतील असं धरून चालू नये. पुष्कळदा त्या फक्त वाट दाखवत असतात.

काम छान झालं. रोसांदाने एकेक टिंब हलक्या हाताने भरलं, पुसलं, पुन्हा भरलं. पेर्सिदा मधेच घोरलीसुद्धा. संपल्यावर रोसांदाने आरसा दिला. म्हातारीने आरसा जवळ नेला, लांब नेला, एक भुवई उडवून पाहिली, मग दुसरी.

"हां," ती म्हणाली. "ही मी."

दिव्याच्या उष्णतेने रोसांदाने केव्हाच रुमाल काढून ठेवला होता. मान मोकळी झाली होती, केस सुटले होते. पेर्सिदाने तिच्याकडे वळून बघितलं आणि म्हणाली की आपल्या दोघींचा एक फोटो काढ. आणि कागदावर काढून दे मला, फोनमधलं मला दिसत नाही. रोसांदाने फोन लांब धरला, गाल सासूच्या गालाजवळ नेला आणि फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तिने तो झेरॉक्सवाल्याकडून छापून आणून दिला. वितोमिरला तिने निरोप पाठवला, की दगडावर एकटा चेदोमिर घ्या, उजवी बाजू कोरी राहू द्या, आईंना सांगितलं आहे. वितोमिरने अंगठा पाठवला.

पुढचे आठवडे बरे गेले. सकाळ-संध्याकाळ ती सासूच्या भुवयांना कापसाच्या काडीने मलम लावायची आणि खपली खाजवू नका म्हणून तिच्या हातावर चापट मारायची. शेजारची गोरीत्सा कुंपणावरून डोकावून म्हणाली, की पेर्सिदा, तुझ्या कपाळावर दोन सुरवंट बसलेत. पेर्सिदा म्हणाली की तुझ्याकडे यायला निघालेत. रोसांदा हसली, आणि आपण हसलो हे तिच्या थोडं उशिरा लक्षात आलं. सप्टेंबर लागला, अंगणाअंगणात लाल मिरच्या भाजायला घेतल्या, हिवाळ्याची चटणी करायची म्हणून. एका दुपारी कामावरून येताना तिला तो वास आला आणि ती रस्त्यात थांबली. गेल्या वर्षी मिरच्या भाजल्या होत्या की नाही हेच तिला आठवेना.

श्राद्धाच्या दिवशी कबरीपाशी टेबलं मांडली. कोबीच्या पानातले खिम्याचे रोल, भाजलेलं डुक्कर, गोड गहू, कड्यासारखे गोल पाव. चेदोमिरच्या बाजूला त्याच्या सिगारेटी, त्याचा रेडिओ, आणि एका पेल्यात त्याची दारू, राकिया, ओतून ठेवलेली. सुट्टी संपवून अजून व्हिएन्नाला परत न गेलेले चारदोन नातलगही आले होते. दगडावर दोन नवे टॉवेल पांघरले होते. वितोमिर आदल्या दिवशी येऊन दगड बसवून गेला होता. रोसांदा स्वयंपाकात होती, तिने पाहिला नव्हता. पाद्र्याने धूप फिरवला, जे म्हणायचं ते म्हटलं आणि तो टेबलाकडे सरकला. बायकांनी हाका घालायला सुरुवात केली. चेदोमिर, बघ तुझ्या घरी पाहुणे आले. चेदोमिर, त्यांना बस म्हण. पेर्सिदा पुढे झाली आणि तिने टॉवेल ओढले.

डावीकडे चेदोमिर होता, नाताळातल्या कोटात. उजवीकडे रोसांदा होती.

तिने आधी भुवया पाहिल्या. तिची नजरच तशी. यंत्राने त्या सपाट भरल्या होत्या, केस न केस एकाच रंगाचा, नाकाकडची टोकं बोथट. मी हातांनी केल्या असत्या तर अशा सोडल्या नसत्या, असं तिला वाटलं. मग तिने खाली जन्माचं साल पाहिलं, आडवी रेघ पाहिली. मग चेहरा. चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. सुटे केस, मोकळी मान, ओठ जरासे उघडे, नुकतंच कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखी बाई. गालाच्या कडेला एक काळपट कोपरा राहिला होता, वितोमिरला तो नीट कापता आला नव्हता. तो सासूच्या रुमालाचा होता. तेव्हा तिला कळलं की हा फोटो कुठला आणि कोणत्या दिवसाचा. वितोमिर तिथेच उभा होता. त्याने टोपी हातात धरून तिला मान लववली. म्हातारी स्वतः फोटो घेऊन आली तेव्हा घरात ठरलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

पेर्सिदाने तिचा दंड धरला. नव्या भुवया तिच्या चेहऱ्यावर इतक्या नीट बसल्या होत्या, की सकाळपासून एकाही बाईला त्या खोट्या वाटल्या नव्हत्या. तोंड सुनेच्या कानाशी नेऊन ती हळूच म्हणाली, "आता तो एकटा नाही. आणि मीही नाही."

रोसांदाच्या छातीत दुखलं. दुखणं कसं असतं ते ती विसरली होती, त्यामुळे आपल्याला काय होतंय ते तिला कळेना. मग तिच्यातून आवाज निघाला. तो इतका मोठा होता की रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला थांबला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि कितीतरी चेहरे सैल पडले. वर्षभर अडलेलं पाणी आलं एकदाचं. गोरीत्सा तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली, म्हणाली, रड बाई, मोकळी हो, त्याला ऐकू जाऊ दे. चेदोमिरच्या व्हिएन्नातल्या एका चुलतबहिणीने डोळे पुसले. आम्ही उगाच हिला दगड म्हणालो, असं मागे कुणीतरी म्हणालं.

मग त्या आवाजाला शब्द फुटले आणि हात फिरवणारी गोरीत्सा थांबली.

"रोसांदा," ती हाक मारत होती. "रोसांदा, ऊठ. कुठे निघालीस, रोसांदा? मला कुणाजवळ सोडून निघालीस?"

बायका गोंधळल्या. गोरीत्सा तिला हलवून सांगू लागली की अगं, त्याचं नाव घे, तुझं चुकतंय, त्याचं घ्यायचं असतं. दुःखाने बिचारीचं भान गेलं, असं ठरलं. कुणी पाणी आणलं, कुणी साखरेचा खडा तिच्या तोंडात घालू पाहिला. ती दगडापुढे गुडघ्यांवर बसून तेच नाव घेत राहिली.

पेर्सिदाला मात्र समजावून सांगावं लागलं नाही. सून कुणाला रडते आहे ते तिला पहिल्याच हाकेला कळलं होतं. तिने सुनेच्या दंडावरचा हात काढून घेतला, आणि कुणाकडेही न बघता ती टेबलावरचे रिकामे पेले भरायला लागली.